निवडून आलेल्या सरकारला लिमिट कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्यादित सरकार म्हणजे नक्की काय?

सरकारला काही गोष्टी करता येतात, काही करता येत नाहीत, आणि कुठल्या करता येत नाहीत हे सरकार स्वतः ठरवत नाही. इलेक्शन जिंकलं की राज्य चालवायचा अधिकार मिळतो, पण लोकांच्या घरात, बोलण्यात, श्रद्धेत, जिवावर हवा तसा हात घालायचा अधिकार त्यात येत नाही. सामान्य माणसाला कायद्याने मनाई नसलेलं सगळं करता येतं. सरकारचं उलट आहे, त्याला कायद्याने दिलेलं तेवढंच करता येतं. शिवाय तो कायदा संविधानात बसला पाहिजे आणि कोणी विचारलं की हे तुम्ही कुठल्या अधिकाराने केलं, तर सरकारला उत्तर द्यावं लागलं पाहिजे. हा विचारायचा भाग लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा, कारण विचारायची सोयच नसेल तर बाकी सगळं कागदावर राहतं.

पण आम्हीच मतं देऊन निवडलंय ना? मग लोकांच्या इच्छेवर लिमिट घालणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाहीच, लोकशाहीत शेवटचा शब्द लोकांचा असतो हे खरंच आहे. पण लोक म्हणजे एका दिवशी बटण दाबून गेलेली मेजॉरिटी एवढंच नसतं ना. आज ज्यांना मतं कमी पडली तेही लोकच, आणि पाच वर्षांनी ज्यांचं मत बदलणार आहे तेही लोकच, त्यांना मत बदलायची आणि ते बदललेलं मत मोजलं जायची गॅरंटी कोण देणार? आजच्या मेजॉरिटीला सगळं करता येत असेल तर तिला पुढचं इलेक्शन पुढे ढकलता येईल, विरोधकांना आत टाकता येईल, पेपर बंद करता येतील, मतदार याद्यांतून नावं उडवता येतील. मग लोकांची इच्छा एकदाच विचारली गेली आणि संपली.

जर्मनीत हे घडलेलं आहे. २३ मार्च १९३३ ला तिथल्या संसदेत एक कायदा मतदानाला आला, हिटलरच्या मंत्रिमंडळाला संसदेशिवाय कायदे करायची पॉवर देणारा, अगदी संविधानाच्या विरुद्ध जाणारेसुद्धा. बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४, ती सगळी सोशल डेमोक्रॅट्स या पक्षाची. कम्युनिस्ट खासदारांना आधीच अटक झालेली होती किंवा ते लपलेले होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते, त्यामुळे मतदान मोकळं होतं असं कोणी म्हणणार नाही, पण आकड्यात दोन तृतीयांश मेजॉरिटी होती आणि सगळं नियमाच्या भाषेत झालं. त्याच वर्षी १४ जुलैला नाझी पक्ष सोडून बाकी सगळ्या पक्षांवर बंदी आली. त्या मार्चच्या इलेक्शनमध्ये नाझी पक्षाला ४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, म्हणजे ज्यांनी नाझींना मत दिलं नव्हतं ते अर्ध्याहून जास्त होते, आणि त्यांना पुन्हा बोलायची संधीच उरली नाही.

दुसरी गोष्ट, आपण सगळेच कुठे ना कुठे अल्पमतात असतो. धर्माने मेजॉरिटीत असलेला माणूस भाषेने अल्पमतात असेल, भाषेने मेजॉरिटीत असलेला धंद्याने किंवा विचाराने असेल. साउथ आफ्रिकेच्या संविधान कोर्टाने १९९५ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली तेव्हा जनमत फाशीच्या बाजूने आहे असा युक्तिवाद झाला होता. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जनमतानेच सगळं ठरणार असेल तर संविधानाची गरजच नाही, हक्क लिहून ठेवतात ते अशांसाठी ज्यांना मतपेटीतून स्वतःला वाचवता येत नाही. ११ न्यायाधीश होते, एकमताने निर्णय झाला. वर्णभेदाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाने हे ठरवलं हे मला फार मोठं वाटतं.

म्हणजे सरकार छोटं असावं, टॅक्स कमी असावा, योजना बंद कराव्यात, असंच ना?

नाही. हा घोटाळा इतका कॉमन आहे की वाद सुरू व्हायच्या आधीच भरकटतो. सरकारचा आकार आणि सरकारवरची मर्यादा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वीडन, डेन्मार्कसारखे देश भरपूर टॅक्स घेतात, दवाखाने, शाळा, पेन्शन सगळं सरकार बघतं, तरी ती सरकारं मर्यादित आहेत कारण अधिकाऱ्याने नियम मोडला तर साध्या माणसाला दाद मागता येते. स्वीडनमध्ये तर सरकारी कारभाराविरुद्ध तक्रारी ऐकणारा ओम्बुड्समन हा अधिकारी १८०९ पासून आहे. उलट एखादा हुकूमशहा जनतेसाठी काहीच करत नसेल, ना शाळा ना दवाखाना, खर्च अगदी कमी, पण रात्री कोणालाही उचलून नेत असेल, तर ते सरकार छोटं असेल पण मर्यादित अजिबात नाही.

सरकारने किती कामं करावीत यावर भांडावं, जरूर भांडावं, ते इलेक्शनमध्ये ठरायला हवं. कसं करावं याच्या चौकटीवर मात्र डावे-उजवे दोघांचं एकमत असायला पाहिजे, कारण तीच चौकट दोघांना भांडू देते.

ही कल्पना आली कुठून?

शाळेत सगळे मॅग्ना कार्टापासून सुरू करतात, १२१५, इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याचे बंडखोर सरदार. त्यातलं ३९ वं कलम महत्त्वाचं, मोकळ्या माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा कायद्याच्या आधाराशिवाय पकडायचं नाही, त्याची मालमत्ता घ्यायची नाही. मोकळा माणूस म्हणजे तेव्हा सगळी जनता नव्हतीच आणि काही आठवड्यांतच पोपने तो करार रद्दही ठरवला, पण नंतरच्या राजांनी तो पुन्हा पुन्हा जारी केला आणि कल्पना टिकली. पुढे १६७९ चा हेबियस कॉर्पसचा कायदा, म्हणजे कोणाला कोंडून ठेवलं असेल तर त्याला कोर्टासमोर आणा आणि कारण सांगा. मग १६८९ चा बिल ऑफ राइट्स, ज्यात संसदेला न विचारता कर लावणं बेकायदा ठरलं.

मला स्वतःला यापेक्षा १७६५ ची केस जास्त आवडते. जॉन एंटिक नावाचा लेखक, सरकारवर टीका करणाऱ्या पेपरशी संबंधित, त्याच्या घरात १७६२ मध्ये राजाची माणसं घुसली, कपाटं फोडली, कागद घेऊन गेली. हातात मंत्र्याने सही केलेलं वॉरंट होतं. एंटिकने घुसलेल्यांवरच खटला भरला आणि जिंकला. न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांचा मुद्दा असा की मंत्र्याला असं वॉरंट काढायचा अधिकार देणारा कायदा दाखवा, कायद्याच्या पुस्तकात तो सापडत नसेल तर तो अधिकार नाहीच. राज्याच्या गरजेसाठी केलं हे उत्तर त्यांनी चालू दिलं नाही. अमेरिकेने १७८७ मध्ये संविधान लिहिलं आणि १७९१ मध्ये त्यात हक्कांची दहा कलमं घातली, त्यातलं झडतीबद्दलचं कलम बरंचसं अशाच अनुभवांतून आलेलं आहे.

लिखित संविधान असलं की झालं का मग?

नाही झालं. सोव्हिएत युनियनच्या १९३६ च्या संविधानात भाषणाचं स्वातंत्र्य होतं, छापण्याचं होतं, सभा घेण्याचं होतं, वाचायला सुंदर. पुढच्या दोन वर्षांत तिथे लाखो माणसांना अटक झाली आणि गोळ्या घातल्या गेल्या. हक्क लिहिलेले होते पण ते मागायला जायचं कुठे, सरकारला नाही म्हणू शकणारं कोणीच शिल्लक नव्हतं. दुसऱ्या बाजूला ब्रिटन आणि न्यूझीलंडला एका पुस्तकात बांधलेलं संविधान आजही नाही आणि तिथली सरकारं कोर्टात हरतात आणि हरल्यावर ऐकतात. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसद स्थगित करायचा सल्ला राणीला दिला तो तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवला, आणि दुसऱ्याच दिवशी संसद पुन्हा भरली.

मग प्रत्यक्षात सरकारला अडवतं कोण?

कोणी एकटं नाही, हाच तर मुद्दा आहे. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे. राज्यांना स्वतःचे अधिकार. इलेक्शन घेणारी यंत्रणा सत्तेतल्या पक्षाच्या हाताबाहेर. हिशोब तपासणारे ऑडिटर. काही देशांत मुदतीची मर्यादा, अमेरिकेत रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यावर १९५१ पासून प्रेसिडेंटला दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. प्रेस, युनियन, वकिलांच्या संघटना, विद्यापीठं हेही यात आले.

यातली सगळ्यात जुनी आणि दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पैशाची किल्ली. संसदेने मंजूर केल्याशिवाय सरकारला कर लावता येत नाही आणि पैसा खर्च करता येत नाही. बजेटवरची चर्चा लोकांना कंटाळवाणी वाटते पण राजाला पहिल्यांदा वाकवलं ते इथेच, सैन्याला पगार द्यायचा तर संसद बोलवावी लागायची. त्यामुळे बजेट चर्चेशिवाय धडाधड मंजूर होतं तेव्हा मला जास्त काळजी वाटते, भाषणांतल्या आरडाओरड्यापेक्षा खूप जास्त.

न्यायाधीश तर निवडून आलेले नसतात, त्यांनी संसदेचा कायदा रद्द करायचा ही कुठली लोकशाही?

खरा आणि अवघड प्रश्न, आणि ज्यांना तो पडत नाही त्यांनी विषयाचा पुरेसा विचार केलेला नाही असं मला वाटतं. अमेरिकेत १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की संविधान आणि साधा कायदा भिडले तर संविधान वरचढ, आणि भिडले की नाही ते सांगणं कोर्टाचं काम. त्यामागचं लॉजिक साधं आहे, ज्याच्यावर मर्यादा आहे त्यानेच ती ओलांडली की नाही ते ठरवायचं म्हणजे परीक्षा देणाऱ्याने स्वतःचा पेपर तपासण्यासारखं आहे.

भारतातलं उदाहरण बघा. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, ३९ वी घटनादुरुस्ती झाली, पंतप्रधानांच्या निवडीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही अशी. आणि तेव्हाच्या पंतप्रधानांच्या निवडणुकीची केस त्याच वेळी कोर्टात होती! संसदेत मेजॉरिटी होती, प्रोसिजर पूर्ण झाली होती. सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं आणि त्याला आधार होता १९७३ च्या केशवानंद भारती निकालाचा, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, संसदेला घटना बदलता येईल पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या केसमध्ये कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच मूळ ढाच्याचा भाग आहे, म्हणजे मर्यादित अधिकार वापरून संसदेला स्वतःला अमर्याद अधिकार देता येणार नाहीत. १९४९ च्या जर्मन संविधानात तर हे आधीच लिहून ठेवलंय, माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाहीचं तत्त्व कुठल्याच मेजॉरिटीला काढता येत नाही. ते का लिहिलं हे वरच्या १९३३ वरून कळतंच.

पण कोर्ट म्हणजे देव नाही. अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने १८५७ मध्ये काळ्या लोकांना नागरिक म्हणून हक्क नाहीत असा निकाल दिला होता. भारतात २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायाधीशांनी म्हटलं की आणीबाणीत बेकायदा अटक झाली तरी कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले, पुढच्या वर्षी त्यांचा नंबर असूनही सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो १९७६ चा निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसीच्या केसमध्ये स्पष्टपणे चुकीचा ठरवला. म्हणजे ४१ वर्षं लागली. त्यामुळे कोर्टावरही लिमिट हवं: निकालाची कारणं लिहून द्यावी लागणं, उघड सुनावणी, अपील, निकालावर टीका करायची मोकळीक, आणि मूळ ढाच्याच्या आत राहून संसदेला कायदा बदलून उत्तर द्यायचा मार्ग.

युद्ध, साथ, दंगल अशा वेळी पण हेच नियम? तेव्हा सरकारला मोकळा हात नको?

जास्त हात हवा, मोकळा नको. संकटात झटपट निर्णय लागतात हे कबूल आणि जवळपास प्रत्येक संविधानात त्याची सोय असते. पण इतिहासात सगळ्यात जास्त गैरवापर याच दारातून आत आलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते, १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान तुकवली आणि १९८८ मध्ये, म्हणजे कितीतरी लोक मरून गेल्यावर, कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले.

संकटातल्या पॉवरला चार गोष्टी हव्यात असं मला वाटतं. ती जाहीर करणाऱ्याला दुसऱ्या कोणाची तरी लवकरात लवकर मंजुरी लागावी, तिला शेवटची तारीख असावी, काही हक्क काहीही झालं तरी बाजूला ठेवता येऊ नयेत, आणि नंतर हिशोब व्हावा. भारतात १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने नेमकं यातलंच बरंच केलं, अंतर्गत अशांतता या ढोबळ कारणाच्या जागी सशस्त्र बंड असं घट्ट कारण आलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, एका महिन्यात संसदेची मंजुरी विशेष बहुमताने हवी, दर सहा महिन्यांनी पुन्हा, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येत नाही.

अगदी अलीकडचं बघायचं तर साउथ कोरिया. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री प्रेसिडेंटनी टीव्हीवर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला, सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले, लोक बाहेर जमले, काही खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि काही तासांत १९० विरुद्ध शून्य मतांनी मार्शल लॉ उठवायचा ठराव झाला. त्यात प्रेसिडेंटच्या स्वतःच्या पक्षाचेही खासदार होते! ४ एप्रिल २०२५ ला संविधान कोर्टाने आठही न्यायाधीशांच्या एकमताने त्यांना पदावरून काढलं. संसदेने नाही म्हटलं की मार्शल लॉ उठवावाच लागतो ही ओळ त्यांच्या संविधानात होती, आणि त्या रात्री ती वापरायला माणसं जागेवर पोचली.

नेता प्रामाणिक असेल, खरंच काम करणारा असेल, तरी त्याला बांधून ठेवायचं?

हो. त्याच्यावर संशय आहे म्हणून बांधायचं असं नाही. तुम्ही आज त्याला जी पॉवर देता ती त्याची राहत नाही, खुर्चीची होते, आणि त्या खुर्चीत उद्या कोण बसेल ते तुम्हाला माहीत नाही. नवीन अधिकार मागितला जातो तेव्हा एकच प्रश्न विचारावा, तुम्हाला सगळ्यात नावडत्या पक्षाच्या हातात हाच अधिकार चालेल का? चालणार नसेल तर आवडत्याच्याही हातात देऊ नका.

आपला पक्ष सत्तेत असताना हे म्हणणं फार जड जातं. आपले लोक चिडतात, विरोधकांना मदत करतोयस असं ऐकावं लागतं. पण मर्यादा टिकते ती सत्तेतल्या पक्षाच्या समर्थकांमुळेच, विरोधक काय ओरडतातच, त्यांचं ओरडणं सरकार धरूनच चालतं. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रेसिडेंट निक्सनना त्यांच्या ऑफिसमधल्या बोलण्याच्या टेप्स द्यायला लावणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल ८ विरुद्ध ० होता आणि त्या आठांत खुद्द निक्सननी नेमलेले तीन न्यायाधीश होते.

एवढ्या अडथळ्यांमुळे कामं रखडतात हे तर खरं ना?

कधी कधी हो. अमेरिकेत बजेटवर एकमत न झाल्याने २०१८-१९ मध्ये सरकारचा काही भाग ३५ दिवस बंद होता, कर्मचाऱ्यांना पगार नाही, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. चुकीच्या जागी ठेवलेला अडथळा काढायलाच हवा. पण रखडलेल्या फायलीचं कारण बहुतेक वेळा अपुरी माणसं, किचकट फॉर्म आणि निर्णय टाळणारा साहेब हे असतं, नागरिकांचे हक्क नसतात. ते हक्क काढून टाकले तरी फाइल तिथेच राहणार, फक्त तुम्हाला तिच्याबद्दल विचारता येणार नाही.

मोठ्या कंपन्यांचं काय? सरकारला बांधलं की त्या मोकाट सुटतील.

मर्यादित सरकार कंपन्यांवर कायदा करू शकतं, दंड करू शकतं, मक्तेदारी मोडू शकतं, फक्त ते नियमाने करावं लागतं, आवडत्या कंपनीला सोडून नावडतीवर धाड असं चालत नाही. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना अमेरिकेचे प्रेसिडेंट ट्रुमननी संप टाळायला स्टीलचे कारखाने ताब्यात घेतले, सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की संसदेने असा अधिकार दिलेला नाही. संसदेने कायदा केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

नवीन कायदा आला की आपल्यासारख्याने त्यात काय बघायचं?

हेतू चांगला लिहिलेला असतोच, त्यावर वेळ घालवू नका, थेट व्याख्या वाचा. देशविरोधी, आक्षेपार्ह, सार्वजनिक हित असे शब्द असतील आणि त्यांचा अर्थ दिलेला नसेल तर तो अर्थ उद्या अधिकारी ठरवणार. मग "सरकार नियम करेल" असं किती ठिकाणी म्हटलंय ते मोजा, कारण तेवढा कायदा संसदेने वाचलेलाच नाही. निर्णय घेणारा आणि त्यावरचं अपील ऐकणारा एकाच खात्यातले आहेत का ते बघा. कारण लेखी द्यावं लागतं का, आधी म्हणणं मांडायची संधी आहे का, अधिकाऱ्याने चूक केली तर त्याला काही होतं का की "सद्हेतूने केलं" म्हणून तो सुटतो. कायदा किती वर्षांनी पुन्हा संसदेसमोर येणार ते लिहिलंय का. आणि अटकेचं कलम असेल तर माणसाला किती वेळात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं ते शोधा, भारताच्या संविधानात २२ व्या कलमात ते २४ तास आहे, प्रवासाचा वेळ सोडून, पण त्याच कलमात पुढे प्रतिबंधक अटकेला, म्हणजे गुन्हा व्हायच्या आधीच तो होऊ नये म्हणून केलेल्या अटकेला, त्यातून सूट दिलेली आहे, म्हणून नवीन कायदा या दोनपैकी कुठल्या खात्यात बसवलाय ते नीट वाचून घ्या.